तळाच्या चौदा ओळी

“पाणी,” कुंदा म्हणाली.

“अजून वेळ नाई झाली,” आई म्हणाली.

कुंदाने ओठांवरून जीभ फिरवली. ती माझी धाकटी बहीण, एकवीस वर्षांची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मागच्या खोलीत बाजेवर भिंतीला टेकून ती लेकीला पाजत होती. लेक आठ दिवसांची. शहाऐंशी सालचा मे महिना, अकोल्याची दुपार. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, पण बाळंतिणीला गारवा बाधतो म्हणून आई त्यावर पाणी मारू देत नव्हती.

“आई, हिनं तोंड लावलं का माह्या घशात कोनी वाळू ओतल्यासारखं होते. एक घोट दे.”

“एक घोट म्हणता म्हणता घागर होते. दिवा लागला का देईन.”

आईचं माप पितळी फुलपात्राचं होतं. ओवा घालून उकळलेलं पाणी, दिवसातून तीनदा, एकेक फुलपात्र: न्हाणं झाल्यावर, जेवण झाल्यावर आणि दिवेलागणीला. डिंकाचा लाडू, आळिवाची खीर, शेपूची भाजी, भातावर तुपाची धार, यांत कसलीच कमतरता नव्हती. पाणी तेवढं मोजून.

मी ऑफिसला निघालो होतो. दारात थांबून म्हणालो, “आई, एवढ्या उन्हात तिले तहान लागनारच न.”

“तुले काय समजते बाळंतपणातलं? माही थोरली जाव, सरूबाई. पाचव्या दिवशी कोनाचं लक्ष नाई पाहून रांजणातलं दोन तांबे पाणी पेली. सांजेपर्यंत अंगभर सूज. दुसऱ्या दिवशी माह्या मांडीवर गेली. मी पाह्यलं हाये, बापू. तू नाई पाह्यलं.”

सरूबाई कशाने गेली हे त्या काळी कुणी विचारलं नव्हतं. आईने उत्तर स्वतःच शोधलं होतं आणि तीस वर्षं जपलं होतं.

“भाऊ,” कुंदा मला म्हणाली, “तू पेपरात हायेस न? एखाद्या शिकलेल्या माणसाकडून लिहून घे. आई आपलं ऐकत नाई, छापलेलं ऐकते.”

हे खरं होतं. आई चौथी शिकलेली. वडील गेल्यापासून तिला पेपराची सवय लागली होती. पहिल्या पानापासून निविदा-सूचनांपर्यंत सगळं वाचायची. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये असं आमच्या पुरवणीत आलं, त्याच दिवशी तिने काजळाची डबी फडताळाच्या वरच्या फळीवर टाकून दिली होती.

“आणतो छापून,” मी म्हणालो.

“आन, आन,” आई हसली. “तुह्या पेपरात आलं, त घागर भरून ठेवीन तिच्या उशाशी.”

“ऐकलं न, भाऊ? साक्षीदार हायेस तू,” कुंदा म्हणाली. “आता लवकर आन. ही पोट्टी दिवसातून बारा वेळा पेते अन् मी तीन वेळा.”

मी ‘दैनिक पूर्णातीर’च्या रविवार पुरवणीत उपसंपादक होतो. सव्वीस वर्षांचा. आरोग्याचं पान माझ्याकडे होतं.

सोमवारी मी देवपुजारी सरांकडे गेलो. पशुवैद्यक महाविद्यालयात ते शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. लहानखुरे गृहस्थ, खादीचा बुशशर्ट, खिशाला शाईचे डाग. मी माणसांचं विचारायला आलोय म्हटल्यावर ते म्हणाले, “माणूस काय वेगळा आहे? दूध पाजणारा प्राणी आहे. चला, माझ्या विद्यार्थिनीला भेटा.”

विद्यार्थिनी म्हणजे गोठ्यातली काळी बकरी. तिला दोन पिल्लं होती आणि पिल्लं कुडाच्या भिंतीपलीकडे बांधलेली होती. बकरीसमोर पाण्याची बादली होती, आतून रंगाने रेघा मारलेल्या.

“आत्ताच पिऊन झालंय तिचं,” सर म्हणाले. “आता पाणी दाखवा तिला.”

मी बादली पुढे सरकवली. बकरीने मान फिरवली.

“आता पिल्लं सोडा.”

पिल्लं धावत आली, कासेला भिडली, डोक्याने ढुसण्या देऊ लागली. बकरी पाय फाकवून उभी राहिली. सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहायला सुरुवात केली. अर्धं मिनिट झालं असेल. बकरीने मान खाली घातली, तोंड बादलीत बुडवलं आणि पिल्लांच्या चुटचुटीइतक्याच वेगाने पाणी ओढू लागली.

“दर वेळी असं होत नाही. पण बहुतेकदा होतं,” सर म्हणाले. “सडाला तोंड लागलं की निरोप मेंदूत जातो. मेंदूच्या तळाला वाटाण्याएवढी ग्रंथी लोंबते. तिच्यातून ऑक्सिटोसिन सुटतं, ते रक्तातून कासेत येतं आणि पान्हा फुटतो. तिथूनच दुसरा एक स्राव सुटतो, व्हॅसोप्रेसिन. तो मूत्रपिंडांना सांगतो, पाणी धरून ठेवा. पण धरून ठेवून किती ठेवणार? दूध तर बाहेर चाललंय. म्हणून मेंदू तिसरं काम करतो. तहान लावतो. अंगातलं पाणी कमी व्हायच्या आधीच लावतो, बरं का. हिला अजून तोटा झालेलाच नाही, पण होणार आहे हे मेंदूला ठाऊक आहे.”

“माझी बहीण म्हणते, घशात वाळू ओतल्यासारखं होतं.”

“बघा. तिने एकही पुस्तक न वाचता सांगितलं.” मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तिला पाणी देताय ना?”

“आई मोजून देते.”

“किती?”

मी सांगितलं. सरांनी बादली बकरीच्या आणखी जवळ सरकवली.

“लेख बुधवारी मिळेल,” ते म्हणाले. “पण तुमच्या आईंना चिडवणारा लिहिणार नाही. आधी त्यांचं म्हणणं पूर्ण मांडेन, मग उत्तर देईन. वर्गातही मी असंच करतो. आधीच उत्तर दिलं की मुलं वही बंद करतात.”

बुधवारी सहा फुलस्केप पानं आली, निळ्या शाईत, खाडाखोड न केलेली. मी घाईत चाळली, मथळा दिला आणि जुळणीला पाठवली. त्या दिवशी माझ्याकडे आणखी चार मजकूर होते.

पुरवणीचं पान शुक्रवारी दुपारी लागत असे. फोटो-जुळणीच्या यंत्रावर जुळलेला मजकूर गुळगुळीत कागदाच्या लांब पट्ट्यांवर यायचा. त्या पट्ट्या ब्लेडने कापून, मागे डिंक लावून पानावर चिकटवायच्या, आणि त्या पानाचा छपाईसाठी कॅमेऱ्याने फोटो निघायचा. चिकटवण्याचं काम रज्जाकभाई करायचे. त्यांची रेघ वीस वर्षांत कधी वाकडी गेली नव्हती.

पान दीड वाजता तयार झालं. तीन वाजून दहा मिनिटांनी जाहिरात विभागातून सराफाच्या दुकानाची जाहिरात आली. सोमवारी अक्षय्य तृतीया होती. जाहिरात ठरल्यापेक्षा सहा सेंटिमीटर उंच निघाली.

पुरवणीचे प्रमुख वानखडे साहेब माझ्या टेबलापाशी आले. “सहा सेंटिमीटर काढ. साडेतीनला पान कॅमेऱ्याला जाईल.”

“कुठून काढू?”

“कुठून म्हणजे? आज नोकरीला लागलास का?”

कापायचं ते तळापासून. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. जे महत्त्वाचं ते वर असतं, म्हणून जागा कमी पडली की खालून कापत यायचं. मी त्यात हुशार होतो. कुठलाही मजकूर पूर्णविरामावर असा कापायचो की वाचणाऱ्याला खाली काही होतं याचा पत्ता लागू नये. वानखडे साहेब नव्या मुलांना माझी पानं दाखवायचे.

आरोग्याच्या लेखाखाली जाहिरात होती. रुंद कॉलम, सहा सेंटिमीटर म्हणजे चौदा ओळी. वर मोजत गेलो. चौदाव्या ओळीच्या अगदी वर पूर्णविराम होता.

“भाऊ,” रज्जाकभाई पट्टीवर वाकून म्हणाले, “ये तो शेवट हाये.”

“शेवटच कापायचा असतो, रज्जाकभाई.”

“वाचून तो घ्या एकदा.”

“वीस मिनिटं आहेत. आणा इकडे.”

ब्लेड मी त्यांच्या हातातून घेतलं. ओल्या डिंकावरून पट्टी सहज सुटली आणि माझ्या बोटांना चिकटली. मी ती घडी करून खिशातल्या डायरीत ठेवली. पान तीन अठ्ठावीसला गेलं.

रविवारी सकाळी आईने पेपर मागच्या खोलीत नेला. शेजारच्या मालतीबाई गुल्हाने बाळाला पाहायला आल्या होत्या. बारसं होऊन गेलं होतं, लेकीचं नाव वैदेही ठेवलं होतं. आईने चष्मा लावला आणि लेख मोठ्याने वाचायला घेतला. कुंदा पदराखाली लेक घेऊन ऐकत होती. तिचे ओठ फुटले होते, त्यावर तूप लावलेलं होतं.

“‘आपल्या आज्या बाळंतिणीला पाणी मोजून देत. त्या अडाणी नव्हत्या,’” आईने वाचलं आणि चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

पुढे बाळंतपणातल्या सुजेविषयी होतं, गढूळ पाण्याने होणाऱ्या रोगांविषयी होतं, उकळून निववलेल्या पाण्याची तारीफ होती. आई एकेक वाक्य चवीने वाचत होती. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. “‘तेव्हा, आग्रह करकरून भरपूर पाणी पाजलं म्हणजे दूध वाढतं, हा समज साफ खोटा आहे.’”

लेख तिथे संपला होता. खाली सोन्याचे हार होते.

“आता बोल,” आई म्हणाली. “अन् हे कोन लिहिते? प्रोफेसर. कोनाच्या पेपरात? माह्या लेकाच्या.”

“तुमचा बापू लय मोठा झाला, बाई,” मालतीबाई म्हणाल्या.

कुंदा माझ्याकडे पाहत होती. “भाऊ, एवढंच लिहिलं त्याईनं?”

डायरी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

“छापलं ते एवढंच,” मी म्हणालो.

आईने पेपराची घडी घातली. “बापू, तो माठ पुढच्या खोलीत नेऊन ठेव. रातच्याला ही उठून पेते का काय, मले शंका येते. माह्या कमरेनं उचलत नाई.”

“आई, मी नाई पेत गं,” कुंदा म्हणाली. “तुह्यी शपथ.”

“मग तर काहीच हरकत नाई नेला त.”

माठ कोपऱ्यात तिवईवर होता, काठोकाठ भरलेला. मी तो पोटाशी धरून उचलला. बाजेजवळून जाताना पाणी हिंदकळलं आणि माझ्या सदऱ्यावर सांडलं. मी पाहत होतो ते माठाच्या काठाकडे, आणखी सांडू नये म्हणून.

सोमवारी अकराला देवपुजारी सरांचा ऑफिसात फोन आला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“तुम्ही माझं उत्तर कापलंत आणि प्रश्न छापलात.”

“जागा नव्हती, सर. ऐनवेळी जाहिरात वाढली.”

“वरून का नाही कापलं?”

“तळापासूनच कापतात, सर.”

“कापताना शेवट वाचला होतात?”

“कापताना नाही.”

“नंतर?”

“वाचला,” मी म्हणालो.

खरं होतं ते. शुक्रवारी तीन अठ्ठावीसला पान गेलं, आणि साडेतीनला कॅन्टीनमध्ये चहा सांगून मी डायरीतली पट्टी उलगडली होती. कॅमेऱ्याची खोली जिना उतरून डाव्या हाताला होती. पान अजून टेबलावर होतं. ते परत आणून वरच्या चौदा ओळी काढायच्या, सगळा मजकूर वर सरकवायचा, पुन्हा चिकटवायचा, म्हणजे अर्धा तास. वानखडे साहेबांना सांगावं लागलं असतं की मी न वाचता कापलं. मी चहा संपवला. राहिलेला भाग पुढच्या रविवारी देऊ, असं ठरवलं.

“राहिलेला भाग पुढच्या रविवारी देतो, सर. चौकटीत देतो. ठळक.”

“द्या. पण तुमच्या घरी? बहिणीला तरी सांगितलंत ना, पुढे काय होतं ते?”

“हो,” मी म्हणालो. “सांगितलं.”

“मग ठीक,” सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मी घरी का सांगितलं नाही? मी स्वतःला दिलेलं कारण असं, की आई तोंडी सांगितलेलं मानत नाही. रविवारी छापून आलं की एका दमात मानेल, तोवर उगाच वाद कशाला. सात दिवसांचा तर प्रश्न. माझ्या कामात सात दिवस म्हणजे एक अंक. चूक एका अंकात व्हायची, पुढच्या अंकात दुरुस्त व्हायची आणि हिशेब मिटायचा. दुसरं कारण मी तेव्हा स्वतःलाही दिलं नाही. आईने मालतीबाईंसमोर माझं नाव घेतलं होतं.

मंगळवारी कुंदाचं डोकं दुखायला लागलं. आईने सुंठ उगाळून कपाळावर लेप दिला. बुधवारी दुखणं वाढलं. उजेड सहन होईना म्हणून आईने खिडकीवर चादर टाकली. अकोल्याचा पारा त्या दिवशी पंचेचाळीसवर होता. आकडा मीच पहिल्या पानाला दिला होता. गुरुवारी कुंदाला उलट्या झाल्या. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. पट्टी मी चौकटीच्या मापात पुन्हा जुळवायला दिली होती, प्रूफ आलं होतं, एकही चूक नव्हती.

“भाऊ,” ती डोळे मिटूनच म्हणाली, “दूध कमी झालं माह्यं. पोट्टी ओढते ओढते अन् रडते.”

“रविवारपर्यंत थांब,” मी म्हणालो.

“रविवारी काय हाये?”

“आहे काहीतरी.”

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास बाळ अखंड रडतंय म्हणून आई आत गेली आणि तिने मला हाक मारली. कुंदाला झटके येत होते. उजवा हात आणि उजवा पाय थडथड उडत होते. झटके थांबले तेव्हा हात बाजेवरून खाली लोंबत राहिला. ती काहीतरी म्हणाली, पण शब्द एकमेकांत मिसळले होते. मला एकच समजला. पाणी.

आईने पळत जाऊन पुढच्या खोलीतल्या माठात तांब्या बुडवला. पाणी कुंदाच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळलं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी कुंदाच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

“अंगातलं पाणी आटलंय,” ते म्हणाले. “बाळंतपणानंतर रक्त आधीच घट्ट झालेलं असतं. त्यात हे. मेंदूच्या शिरेत गुठळी झाली असावी. हिला पाणी देत होता ना?”

“मोजून,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदावर लिहायला लागले.

रविवारी चौकट आली. चौथ्या पानावर, ठळक. मथळा होता, ‘पाजणारीची तहान: लेखाचा उर्वरित भाग’. मी अंक दवाखान्यात नेला नव्हता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर कुणीतरी ठेवून गेलं होतं. मी औषधं घेऊन परतलो तेव्हा आई वाचत होती. तिने ओळीखाली बोट धरलं होतं. बोट शेवटापर्यंत गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा शेवटापर्यंत गेलं.

“बापू,” तिने विचारलं, “हे मागच्या रविवारी कायले नाई आलं?”

“जागा नव्हती,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. जागा नसते कधी कधी, हे तिला पटण्यासारखं होतं. पेपर घडी घालून तिने बाकाखाली सरकवला.

“पेपराची काय चुकी,” ती म्हणाली. “मलेच समजायले पाह्यजे होतं. पोटची पोर पाणी मागत होती.”

तेव्हा सांगायचं होतं. आई बाकावर होती, मी समोर उभा होतो, मध्ये हातभर अंतर होतं. परिचारिकेने आतून औषधांसाठी हाक मारली आणि मी आत गेलो.

कुंदा वाचली. पाय तीन महिन्यांत सुधारला, थोडा ओढत चालते इतकंच. बोलणंही परत आलं. उजवा हात आला नाही. ती डाव्या हाताने पोळ्या लाटायला शिकली, डाव्या हाताने वैदेहीची वेणी घालायला शिकली. तिच्या सासरचे लोक भले निघाले. त्यांनी दोष आमच्या आईला दिला, पण तोंडावर कधी बोलले नाहीत.

आईने त्यानंतर पेपर वाचला नाही. घरी रोज येत राहिला, माझाच होता. ती तो न उलगडता रद्दीत ठेवायची. मी पुढे पुरवणीचा प्रमुख झालो, मग वृत्तसंपादक, शेवटी संपादक. दर वेळी तिने देवापुढे साखर ठेवली, अंक मात्र हातात धरला नाही. दारात व्यालेली कुत्री आली की भाकरीच्या आधी पाण्याचं भगुनं ठेवायची. कुंदा माहेरी आली की ती पायरी चढायच्या आत तांब्या भरून बाहेर. “आधी पाणी पे.” कुंदा तहान नसली तरी तांब्या रिकामा करायची. तेवीस वर्षं.

दोन हजार नऊच्या श्रावणात आई गेली. शेवटचे दोन दिवस कुंदाच तिच्याजवळ होती. डाव्या हाताने चमच्याने पाणी घालत होती. आईने एकदा डोळे उघडले.

“मी तुले मोजून देल्लं व,” ती म्हणाली.

“सोड न, आई.”

“माह्याच हातानं.”

“सोड म्हटलं न. हे पे.”

मी खाटेच्या पायाशी उभा होतो. कुंदाने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा चमचा भरला.

तेरावा झाला. पाहुणे गेले. दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. आईची खाट अजून तिथेच होती, गादी काढलेली. मी कपाटातून शहाऐंशी सालची डायरी आणली आणि पट्टी काढून कुंदासमोर धरली. कागद पिवळा पडला होता, मागचा डिंक तपकिरी झाला होता.

“हे काय व्हय?”

“त्या लेखाचा शेवट. मी कापला होता. आईनं वाचला त्या दिवशी माझ्या खिशात होता.”

तिने पट्टी घेतली नाही.

“मले माहीत हाये,” ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“देवपुजारी सर आले होते वॉर्डात. आई डबा आणायले गेली होती अन् तू नव्हता. खुर्चीवर बसून रडले ते. म्हने, पोरी, तुह्या भावानं तुले सोमवारीच सांगितलं होतं न, मग पाणी कायले नाई मागितलं? मले तेव्हा बोलता येत नव्हतं. हो-नाई पण म्हणता येत नव्हतं.”

“तेव्हापासून...”

“त्याच्या आधीपासून. माठ उचलताना तू माह्याकडे पाह्यलं नाईस. तू असा कधी जात नाईस.”

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मी विचारलं, “मग आईला का नाही सांगितलंस?”

“तुह्यं होतं ते सांगायचं,” कुंदा म्हणाली. “मी वाट पाह्यली. दर दिवाळीले वाटे, औंदा तू सांगशीन. जाताना ती म्हणत होती, माह्याच हातानं, माह्याच हातानं. तेव्हाही पाह्यलं तुह्याकडे. म्हटलं, आता तरी.”

“कुंदा, मी—”

“माह्या हाताचा राग कधीच गेला, भाऊ. देवाशपथ. पण तिच्या वाटचा नाई जात.”

मी पट्टीची घडी घालायला लागलो.

“ठेवू नको,” ती म्हणाली. “वाच.”

“आता?”

“चौकटीत आलं तवापासून मले पाठ हाये. मले नको वाचून दाखवू.” तिने डाव्या हाताने मला वळवलं, रिकाम्या खाटेकडे तोंड करून. “तिले वाच.”

मी चष्मा लावला आणि वाचलं. पाजणाऱ्या मादीची तहान ही हाव नव्हे, असं पहिल्या ओळीत होतं. पिल्लाने तोंड लावताच मेंदू काय काय करतो, ते मधल्या ओळींत होतं. ‘पाणी आग्रहाने पाजू नये, पण मागितलेलं नाकारूही नये’ असं अकराव्या ओळीत होतं. आणि शेवटी, ‘ती मागेल तेव्हा द्यावं, मागेल तितकं द्यावं. मोजायचं काम तिच्या मेंदूवर सोडावं. त्याचं माप आपल्या फुलपात्रापेक्षा जुनं आहे.’

फुलपात्र हा शब्द सरांना मीच सांगितला होता.

चौदा ओळी वाचायला पन्नास सेकंद लागले.